उरलेली चार बोटं

देव मोठा की देवाचं वाहन मोठं, असं कुणी विचारलं तर शेंबडं पोरगंही हसेल. पण त्या वैशाखात चिंचगव्हाणच्या नरसिंहाच्या देवळापुढं पाच शहाणी माणसं वेताची काठी घेऊन याच गोष्टीचं माप काढत होती, आणि हसत मात्र कुणी नव्हतं.

काठी रामराव पाटलांच्या हातात होती. देवस्थानच्या पंचांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी ती देवाच्या गाड्याशी उभी धरली, देवाच्या बैठकीपाशी नखानं खूण केली आणि तीच काठी शेजारच्या मोटारीला, ड्रायव्हरच्या सीटपाशी नेऊन लावली. खूण सीटच्या खाली राहिली. चांगली वीतभर खाली.

"बघा," पाटील म्हणाले. "ड्रायव्हर वर, देव खाली. चालंल का?"

ड्रायव्हर तिथंच उभा होता. कडूबा त्याचं नाव. अंगावर खाकी सदरा, कपाळाला अबीर, आणि तोंडावर मापात उणा भरलेल्या माणसाचा ओशाळेपणा.

मोटार साधीसुधी नव्हती. लढाई संपल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेली, पुढं दोन माणसांची जागा, मागं उघडा हौदा, आणि मागच्या दोनच नव्हे तर चारी चाकांना इंजिनाचा जोर. जालन्याच्या एका जिनिंगवाल्या शेटजींनी ती खास ओढकामाला घेतली होती. चिखलात रुतलेला ट्रक असो की प्रेसचा बॉयलर, मागं आकडा अडकवला की ही निघाली. बाया-माणसं तिला हिडिंबा म्हणायची, आणि कडूबाला कौतुकानं हिडिंबेचा नवरा. त्याची बायको गोजरबाई त्यावर म्हणायची, "माझी सवत निदान दळायला तरी लागती का बघा!"

गावात ही हिडिंबा आली ती देवाच्या कामाला. चिंचगव्हाणच्या देवाचा गाडा म्हणजे चार दगडी चाकं आणि त्यांवर सागवानी चौथरा. गाडा ठेंगणा, पण जड असा की सहा बैलजोड्यांच्या तोंडाला फेस यावा. नरसिंहजयंतीला दुपारी देव त्या गाड्यात बसून देवळातून निघतो, दरडीचा उतार उतरतो, कोरड्या नदीची वाळू ओलांडतो आणि पलीकडं आपल्या मूळ ठाण्याला तिन्हीसांजेला पोचतो. आदल्या वर्षी वाळूत चाकं रुतली, बैलांवर आसूड ओढले गेले, आणि पाटलांचा पांढरा बैल देवाच्या डोळ्यांदेखत आडवा झाला तो उठलाच नाही. म्हणून यंदा शेटजींकडं ड्रायव्हर असलेल्या कडूबानं त्यांचे पाय धरून आठ दिवसांसाठी मोटार मागून आणली होती.

त्याला त्यात एक जुनी आस होती. उताराला गाडा धावू नये म्हणून मागून दोन जाड दोर ओढून धरतात. त्यांना पाठदोर म्हणतात. तीस माणसं लागतात, आणि पिढ्यान् पिढ्या तीच घरं. कडूबाचा बाप चाळीस वर्षं पाठदोराला होता. गावची सारी माणसं गाड्यापुढं, देवाला पाठ नको म्हणून देवाकडं तोंड करून उलट्या पावलांनी, टाळ्या वाजवत उतार उतरायची. पाठदोरवाल्यांना मात्र जन्मभर दिसायची ती देवाची पाठ. "कडू," म्हातारा मरताना म्हणाला होता, "जत्रंतलं त्याचं तोंड कसं दिसतं रे?" ते कडूबाच्या काळजात काट्यासारखं राहून गेलं होतं. आता त्याच्या घरचा माणूस पहिल्यांदाच गाड्याच्या पुढं जाणार होता, आणि वीतभर उंचीनं घोडं अडलं.

"मंग शिट काढून टाक," एक जण म्हणाला.

"शिटाखाली पेट्रोलची टाकी हाये, दादा. तिच्यावर बसू का? मंग देवाच्या आधी मीच वैकुंठाला."

"देवाखाली एखादा पाट सारा."

पाटलांनी त्या बोलणाऱ्याकडं असं पाहिलं की त्याचं तोंड आपोआप मिटलं. "ती बैठक आमच्या खापरपणज्यानं घडवली. तिला आजवर खिळा लागला न्हाई. आन् वाहन कुठं असतं रे? गरुड कुठं असतो? देवाच्या खाली. ही मोटार खाली येत असंल तर गाड्याला जुंपा. न्हाईतर बैल हायेतच."

"येतीय की खाली!" कडूबा बोलून गेला. "बराबर येतीय. चार दिवस द्या."

*

जाफराबादच्या रस्त्याला अजमत मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. लढाईच्या काळात तो मिलिटरीच्या वर्कशॉपात होता. हिडिंबेचा पेच न् पेच त्याच्या ओळखीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन आला आणि देवळामागच्या चिंचेखाली मोटारीच्या पोटात शिरला. बाहेर आला तो डोकं हलवतच.

"कडूबा, हे पाटे बघ." चाकाजवळ लोखंडी पट्ट्यांची एकावर एक बांधलेली कमान त्यानं हातोडीनं वाजवून दाखवली. "हे गाडीचे गुडघे. ह्याच्यातले चार-चार काढले की गाडी खाली बसंल. पर गुडघे काढलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणी पोतं देतं का?"

"पाटलांनी सांगितलंय."

"मंग पाटलांना समजावून सांग."

"तुमी सांगा ना मिस्त्री. तुमी जाणकार."

अजमतनं हातातला पाना खाली ठेवला. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला पाच वर्षं झाली होती. गावात आता सगळं ठीक होतं. ठीक होतं, म्हणजे कुणी त्याविषयी बोलत नव्हतं. "मी सांगू?" तो हळूच म्हणाला. "देव खाली राहू दे, ड्रायव्हर वर बसू दे, असं अजमत मिस्त्री म्हणाला, हे उद्या गावात कसं ऐकू येईल, भाऊ?"

शेवटी मिस्त्रीच उठला आणि नट सोडवायला बसला.

दोन दिवस काम चाललं. चारी कमानींतले पाटे निघाले आणि हिडिंबा दमलेल्या म्हशीसारखी खाली बसली. मिस्त्रीनं कडूबाला हाताला धरून खाली वाकवलं. मागच्या चाकांना जोडणारा जाड आस आता मोटारीच्या सांगाड्याच्या अगदी जवळ आला होता. मधे दोन्हीकडं मुठीएवढे रबराचे गट्टू होते, आणि त्यांच्या आडोशानं एक नळी गेली होती, करंगळीएवढी.

"ही ब्रेकची नळी. गाडीला धक्का बसला तर आस ह्या गट्टूवर टेकंल, नळीवर न्हाई. गट्टू हाय तोवर ब्रेक हाय. ह्याच्याखाली मी गाडी आणणार न्हाई. खुदा आला तरी न्हाई आन् तुझा देव आला तरी न्हाई."

पाटील काठी घेऊन आले. माप झालं. खूण अजून खालीच राहिली, पण आता फक्त चार बोटं.

"चार बोटं," पाटील म्हणाले, आणि मिस्त्रीकडं न पाहता कडूबाकडं पाहिलं. "देवाशी घासाघीस करून राह्यलास का?"

*

त्या संध्याकाळी देवळात भालचंद्रबुवांचं कीर्तन होतं. काय सांगावं बुवांच्या कीर्तनाचं! आवाज पहाडी, पण शब्द आईच्या हातासारखा मऊ. वीणा गळ्यात घालून ते उभे राहिले की समईची ज्योतसुद्धा कान देऊन ऐकते असं वाटायचं. अजमत मिस्त्री पायरीखाली, चपलांच्या राशीजवळ बसून ऐकायचा. त्याला कुणी तिथं बसवलं नव्हतं, आणि 'वर या' असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आरती झाल्यावर कडूबानं बुवांचे पाय धरले. "महाराज, वाहन देवाच्या खालीच असावं ना?"

बुवा हसले. "असावं की. गरुड देवाच्या खाली असतो. पण बाबा, तोच गरुड देवाच्या झेंड्यावरही बसतो, देवाच्या डोक्याच्या वर. देवाला त्याची कधी अडचण झालेली ऐकली नाही मी."

पण माणूस जे ऐकायला गेलेला असतो तेवढंच घेऊन परततो. कडूबानं 'असावं की' तेवढं पदरात बांधलं आणि घरी आला.

चतुर्दशीला, म्हणजे जयंतीच्या दिवशी सकाळी, गाव अंघोळी-पांघोळीत असताना, त्यानं एकट्यानं नदीतून वाळूची बारा पोती आणून हौद्यात टाकली. मोटार आणखी खाली बसली. आस गट्टूला जाऊन टेकला, आणि तिथंच थांबला. कडूबानं सुतळी धरून मापलं. दोन बोटं उरली. फक्त दोन. त्याला बापाचं तोंड आठवलं, पाटलांचे शब्द आठवले. त्यानं जॅक लावून गाडी उचलली, पाठीवर सरपटत आत गेला, आणि कांदे कापायच्या विळ्याला धार लावून दोन्ही गट्टू मुळापासून उतरवले. कापताना त्याला तीही भक्तीच वाटली. जॅक काढला तेव्हा आतून एक आवाज आला. *टक्.* लोखंडावर लोखंड. नंतर काहीच नाही.

पाटलांनी काठी लावली. खूण सीटच्या वर आली, तांदळाच्या दाण्याएवढी. पाटलांनी कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या घराण्यानं त्याच्या घराण्याच्या खांद्यावर ठेवलेला तो पहिला हात.

*

दुपारी ऊन असं होतं की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. देव गाड्यात बसला. गाडा आणि मोटार यांच्यामधे जाड लोखंडी दांडी लागली. बुवा वीणा घेऊन गाड्यावर देवाच्या पायाशी उभे राहिले. आणि पाठदोराची ती तीस माणसं! त्यांनी दोर देवळाच्या ओसरीवर गुंडाळून ठेवले होते आणि धुतलेली धोतरं नेसून पुढं जाऊन उभी होती.

"पाठदोर धरा की," अजमत मिस्त्री कुणाकुणाला सांगत होता. "उताराला वजन मागून येतं, भाऊ. गाडी ओढती ते वेगळं, अडवती ते वेगळं."

"मिस्त्री, लढाई जिंकलेली गाडी हाये ती," एक म्हातारा पाठदोरवाला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "बावन वर्षांनी तोंड बघून राह्यलो त्याचं. आज मला मागं पाठवू नका."

मिस्त्री मोटारीजवळ आला. हौद्यातली पोती त्यानं पाहिली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय?"

"वाळूत चाकाला पकड यावी म्हणून," कडूबा म्हणाला.

मिस्त्री वाकून बघणार, तेवढ्यात पाटलांचा हात वर गेला, तुतारी वाजली, माणसांचा लोंढा आला आणि तो बाजूला लोटला गेला. तिथून तो ओरडला, "कडूबा! गट्टू हायेत ना?"

एवढाच प्रश्न. 'न्हाई' म्हणायला किती वेळ लागतो? पण पुढं सारा गाव बघत होता, आणि मागं देव.

"हायेत!" कडूबा म्हणाला, आणि गिअर टाकला.

गाडा हलला. गुलाल उधळला, टाळ घुमले. सपाटीला हिडिंबा अशी चालली की जणू मागं काही नाहीच. पण दर खड्ड्याला आतून तो आवाज येत होता. *टक्. टक्.* टाळांच्या गजरात तो एकट्या कडूबाला ऐकू येत होता. वेशीपाशी त्यानं ब्रेक दाबून पाहिला. लागला. थोडा मऊ वाटला, पण लागला. दरडीच्या तोंडाशी पुन्हा दाबला. आणखी मऊ, लोण्यात पाय गेल्यासारखा.

तिथं त्यानं थांबायला हवं होतं. त्याला ते कळलंही. पण एकदा निघालेला देव मधे थांबला तर गावाला वर्षभर सुतक लागल्यासारखं होतं, असं म्हणतात. पुढं पाटील हातानं 'ये, ये' करत होते. कडूबानं नरसिंहाचं नाव घेतलं आणि पुढची चाकं उतारावर घातली.

उतार लांब आहे, दोन शेतांएवढा. डावीकडं मातीची उभी दरड, उजवीकडं खोल घळ. आणि समोर माणसं. उताराच्या रुंदीभर माणसंच माणसं, सगळ्यांची तोंडं कडूबाकडं, पावलं उलटी, हात टाळ्यांना वर. पहिल्या ओळीत पाटील. त्यांच्या शेजारी ते पाठदोरवाले म्हातारे. मागल्या ओळीत बाया, आणि त्यांत गोजरबाई, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन. सगळे हसत होते. कुणीही मोटारीकडं बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे तिच्यावरून पलीकडं, देवावर.

दगडी चाकं उतारावर आली आणि सगळा भार दांडीतून मोटारीच्या पाठीत घुसला. हौदा दबला. या वेळी टक् झालं नाही. कर्रकन् काहीतरी चिरडलं. कडूबानं ब्रेक दाबला आणि पाय थेट फळीला जाऊन टेकला. खाली काहीच नव्हतं.

इंजिन पहिल्या गिअरमधे कण्हत गाड्याला अडवू पाहत होतं, पण दगड ऐकेना. वेग वाढला. कडूबानं हॉर्न दाबला. तो ऐकून माणसांना वाटलं, आज हिडिंबासुद्धा देवाचा गजर करतीय. त्यांनी टाळ्या दुप्पट केल्या. तो ओरडला, "सरका! सरका!" त्याचं तोंड हललेलं पाहून पाटलांनी हात वर करून जयजयकार केला आणि सगळ्या गावानं त्यांच्या मागून केला. मधलं अंतर दहा पावलं राहिलं. आठ. गोजरबाईच्या घागरीतलं पाणी हिंदकळताना त्याला दिसलं.

उजवीकडं घळ होती. समोर गाव. डावीकडं दरड. आणि मागं देव, आणि देवाच्या पायाशी वीणा घेतलेले बुवा.

कडूबानं दोन्ही हातांनी चाक डावीकडं ओढलं.

हिडिंबेचं नाक दरडीत घुसलं. मागून गाडा आला, दांडीवर फिरला, दगडी चाकं हवेत उठली आणि सागवानी चौथरा एका कुशीवर आडवा झाला. धूळ उठली. टाळ एकेक करून थांबले. शेवटचा टाळ वाजवणाऱ्याला काय झालं ते उशिरा कळलं, त्याचा टाळ आणखी दोनदा वाजला.

धूळ बसली तेव्हा देव मातीत पालथा होता. बुवा पाच हात लांब पडले होते, पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला.

"माणसं मोजा," बुवांचा आवाज आला. "आधी माणसं मोजा. गाडीखाली कोण आलं?"

कुणी आलं नव्हतं. गाव तसाच उभा होता, हात अजून अर्धे वर. बाया रडू लागल्या. कुणी देवाकडं जाईना, कारण पडलेल्या देवाला कुणी शिवायचं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असं कधी झालंच नव्हतं.

अजमत मिस्त्री धावत आला होता. तो सरळ मोटारीखाली शिरला आणि क्षणभरानं बाहेर आला. बोटांना तेल लागलं होतं. त्यानं सीटवर बसलेल्या कडूबाकडं पाहिलं. फक्त पाहिलं.

पण त्याला मोटारीखालून निघताना पाटलांनी पाहिलं होतं.

"मिस्त्री," पाटील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच अंगावर काटा येत होता. "तू हात लावल्ता या गाडीला. काय केलंस तू?"

काय सांगणार होता अजमत? सांगितलं तर कोण ऐकणार होतं? एक माणूस त्याच्याकडं सरकला. मग दुसरा. मग ओळच सरकली. रडणं थांबलं. नुसती पावलं ऐकू येत होती, मातीतली. मिस्त्रीची पाठ दरडीला टेकली.

कडूबा सीटवरून उतरला. "मिस्त्रीनं न्हाई," तो म्हणाला. "म्या कापले. गट्टू म्या कापले."

कुणी वळलं नाही.

"ब्रेकचे गट्टू!" तो ओरडला. "सकाळी, विळ्यानं, चार बोटांपायी! मिस्त्री न्हाई म्हणल्ता. त्यानं इचारलं तवा म्या खोटं बोललो!"

पावलं थांबली नाहीत. ऐकलेलं समजायला माणसाला वेळ लागतो, आणि रागाला जे ऐकायचं नसतं ते समजायला तर फार वेळ लागतो. तेव्हा गोजरबाईनं डोक्यावरची घागर उतरवून मधोमध आपटली. पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं.

"माझा नवरा बोलून राह्यलाय!" ती म्हणाली. "कान फुटले का तुमचे? ऐका की!"

"ऐका रे," पडल्या जागेवरून बुवा म्हणाले. वेदनेनं त्यांचा श्वास तुटत होता. "त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावू नका."

मग ते एकेक करून वळले. पाटील सगळ्यांत शेवटी. शेदीडशे डोळे मिस्त्रीवरून निघाले आणि कडूबावर येऊन थांबले. त्याच्या आणि त्यांच्या मधे आता कुणीही उभं नव्हतं. गोजरबाई चालत आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

कडूबानं हात जोडले नाहीत. पाटील एक पाऊल पुढं आले, आणि कडूबा जागचा हलला नाही.